गट अनेक, रांग एकच : सूर्यपुत्र भैयासाहेब

वर्षावास चालू असताना दर वर्षी १७ सप्टेंबर येतो आणि बहुतेक वेळा गुपचूप निघून जातो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या उपनगरांतल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली. संध्याकाळी कामावरून आलेली माणसे हातपाय धुऊन, जमेल तसे पांढरे कपडे घालून सतरंजीवर बसतात. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी ग्रंथातला त्या दिवसाचा भाग वाचते, कोणी त्यावर दोन शब्द बोलते, शेवटच्या दिवशी खीरदान होते. त्या सतरंजीवर कोण कोण बसलेले असते ते एकदा नीट पाहावे. एक जण रिपब्लिकनच्या या गटाचा, दुसरा त्या गटाचा, तिसरा हत्तीवाला, चौथा वंचितवाला, पाचवा पोटासाठी एखाद्या मोठ्या पक्षाच्या शाखेत बसणारा. महापालिकेच्या निवडणुकीत ज्यांनी एकमेकांचे बॅनर उतरवले, ज्यांच्या घरच्या बायकांनी नळावरचे बोलणेही सोडले, ती माणसे तासभर मांडीला मांडी लावून बसतात आणि एकाच स्वरात पंचशील म्हणतात.

ही सतरंजी अंथरली कोणी, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. १७ सप्टेंबर हा त्या माणसाचा स्मृतिदिन आहे. यशवंत भीमराव आंबेडकर, म्हणजे आपले भैयासाहेब, १९७७ साली याच दिवशी गेले.

भैयासाहेबांची ओळख आपण बाबासाहेबांचे पुत्र म्हणून करून देतो. सूर्यपुत्र म्हणतो, फोटोला हार घालतो आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारतो. मोठ्या बापाच्या मुलाचे दुर्दैव असे की लोक त्याला बापाच्या मापानेच मोजतात. आणि बाबासाहेबांच्या मापाने मोजायचे म्हटले तर या देशात उरेल तरी कोण? म्हणून भैयासाहेबांना त्यांच्या स्वतःच्या कामाने मोजायला हवे. हे काम फार मोठे आहे, असे या स्तंभलेखकाचे स्पष्ट मत आहे.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा, मुंबईचा. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २ फेब्रुवारी १९१३ ला आजोबा सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले ते १९१७ ला परतले. १९२० ला पुन्हा विलायतेला गेले ते १९२३ ला आले. म्हणजे मुलाच्या पहिल्या अकरा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे बाप समुद्रापलीकडे होता. परळच्या चाळीत माता रमाई होती आणि कायमचे ठाण मांडून बसलेले दारिद्र्य होते. गंगाधर, रमेश, इंदू ही भावंडे गेली. १९२६ मध्ये सर्वांचा लाडका राजरत्नही गेला. पाच लेकरांपैकी एकटा यशवंत उरला. त्याचीही प्रकृती लहानपणापासून अधूच होती. ज्या घरातून चार लहान तिरड्या उठल्या त्या घरातला उरलेला मुलगा कोणत्या मनाने वाढला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्या वस्त्यांतल्या किती तरी आयांना ती सहज करता येईल.

२७ मे १९३५ ला रमाई गेली. भैयासाहेब तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. घर आणि धर्म, दोन्ही एकाच वर्षात पायाखालून सरकले. हिंदू कॉलनीतले राजगृह पुस्तकांनी भरलेले होते, पण वडील समाजाचे झाले होते. पुढे तर मजूरमंत्री, घटना समिती, कायदामंत्री अशा जबाबदाऱ्यांनी ते दिल्लीचेच झाले.

भैयासाहेबांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बापाच्या पदव्यांची यादी भिंतीवर मावत नसताना मुलगा मॅट्रिक, यावर आजही आपल्यातले काही शहाणे नाक मुरडतात. पण चळवळीला पदवीइतकीच छापखान्याची गरज असते हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? दादरचा भारत भूषण प्रिंटिंग प्रेस, पुढे बुद्धभूषण या नावाने ओळखला गेलेला, हे भैयासाहेबांचे खरे विद्यापीठ. खिळे जुळवणे, प्रुफे तपासणे, कागदाची उधारी फेडणे आणि अंक वेळेवर टपालात टाकणे, हे सगळे त्यात आले. ‘जनता’ हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झाले होते आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या पत्रांच्या संपादनाची आणि छपाईची जबाबदारी भैयासाहेबांनी वाहिली. १९६१ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ बंद पडले. समाजात भांडणे वाढली की वर्गणी आधी थांबते, हा वर्तमानपत्र चालवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. आमचाही आहे. तोच बुद्धभूषण प्रेस आणि शेजारचे आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात पाडले गेले. त्यानंतर १९ जुलैला मुंबईत मोर्चा निघाला, तेव्हा सगळे गट पावसात एकत्र चालले. विटा-मातीच्या त्या जुन्या छापखान्याने पडल्यावरही लोकांना एकत्र आणले, ही गोष्ट नोंदवून पुढे जाऊ.

१९५३ मध्ये भैयासाहेबांचा मीराताईंशी विवाह झाला, तोही बौद्ध पद्धतीने. नागपूरच्या दीक्षेला अजून तीन वर्षे होती, पण आंबेडकरांच्या घरात धम्म आधीच आला होता.

४ मे १९५५ ला बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, १६ ला चंद्रपूर. मुंबईची दीक्षा डिसेंबरात व्हायची होती. ती वेगळ्याच रीतीने झाली. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि त्या रात्री विमान सांताक्रूझला उतरले, तेव्हा विमानतळापासून दादरपर्यंत रस्त्यावर माणसेच माणसे होती. आज अंधेरी, सांताक्रूझ, कुर्ल्याला राहणाऱ्या कित्येकांच्या आजा-पणज्यांनी ती रात्र रस्त्यावर काढली आहे. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर भैयासाहेबांनी चितेला अग्नी दिला आणि तिथेच भदन्त आनंद कौसल्यायनांनी जमलेल्या अफाट समुदायाला धम्मदीक्षा दिली. जगाच्या इतिहासात असे फारसे झालेले नाही. एका बाजूला चिता पेटलेली आणि दुसऱ्या बाजूला लाखो माणसे हात जोडून नवा धम्म स्वीकारत उभी!

त्या वेळी भैयासाहेब चव्वेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे ऐन चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस कमी होते. महासभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आता त्या काळाचा विचार करा. धर्म बदलणे ही एका दिवसाची गोष्ट, पण नवा धर्म जगणे रोजची गोष्ट. देव्हारे रिकामे झाले. मरीआई, खंडोबा, म्हसोबा नदीत गेले. ठीक. पण उद्या पोरीचे लग्न आहे, ते लावायचे कोणी? ब्राह्मण येणार नाही आणि त्याला बोलवायचेही नाही. भिक्खू म्हणावेत तर महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतके. म्हातारा बाप गेला तर काय म्हणायचे, काय करायचे, तेरावे करायचे की नाही? बाळाचे नाव कसे ठेवायचे? एकाच घरात मुलगा बौद्ध आणि आजी अजून गुपचूप उपास करणारी. त्यात गावोगावी बहिष्कार. ढोरे ओढायचे बंद केले म्हणून मारहाण, पाणी बंद, मजुरी बंद. अशा वेळी माणसाला सिद्धान्ताबरोबरच दारात येऊन उभा राहणारा कोणीतरी लागतो.

तो कोणीतरी म्हणजे बौद्धाचार्य. भैयासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महासभेने जे सर्वांत टिकाऊ काम केले ते हे. गिरणीत खाते सांभाळणारा, रेल्वेत खलाशी असलेला, महापालिकेत झाडू मारणारा, पोस्टात टपाल वाटणारा आपल्यातलाच माणूस. त्याला पाली गाथा शिकवायच्या, विधीची पद्धत समजावून द्यायची, बुवाबाजी करायची नाही आणि दक्षिणा मागायची नाही हे बजावायचे आणि वस्तीत पाठवायचे. डोक्यावर भगवे नाही, अंगात देव येत नाही, मंत्राने रोग बरा होत नाही. तो येतो, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावतो, त्रिसरण-पंचशील देतो, वधूवरांकडून प्रतिज्ञा घेतो आणि नोंद करून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर हजर.

या साध्या व्यवस्थेत जी मैत्रीभावना होती तिचे मोल आपण कमी लेखतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीला महत्त्व दिले. दुःखी माणसापुरतीच नव्हे, सर्व प्राणिमात्रांविषयीची मैत्री. हे तत्त्व पुस्तकात वाचायला सोपे, पण त्याचे वस्तीतले रूप कोणते? बोरिवलीच्या डोंगरउतारावरच्या झोपडीत रात्री दोनला कोणी गेले तर बौद्धाचार्य पहाटेच्या आत येतो आणि मयताचा मुलगा कोणत्या नेत्याचा आहे हे विचारत नाही. बस्, हे त्याचे रूप.

आणि हे न विचारणे किती अवघड होते ते पाहा. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. एका बाजूला कर्मवीर दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर बी. सी. कांबळे. एक ‘दुरुस्त’ आणि दुसरा ‘नादुरुस्त’ अशी नावे लोकांच्या तोंडी बसली. शिकलेले विरुद्ध न शिकलेले, सूटबूटवाले विरुद्ध धोतरवाले, मुंबईचे विरुद्ध गावचे, असे किती तरी पदर त्याला होते. मग दादासाहेब रूपवते काँग्रेसकडे, रा. धों. भंडारे काँग्रेसकडे. नंतर गायकवाड आणि बॅरिस्टर खोब्रागडे वेगळे. १९७२ मध्ये दलित पँथर आली, तरुणांच्या अंगात वीज संचारली आणि १९७४ मध्ये तीही फुटली. त्या फुटीत तर बुद्ध की मार्क्स हाच वादाचा एक मोठा मुद्दा होता. मुंबईच्या चाळींत एका मजल्यावर दोन गट, एका घरात दोन भाऊ दोन गटांत. त्यात भर म्हणून कोकणातले आणि घाटावरचे हा जुना भेद. कोकणातल्या बांधवांच्या बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा वेगळ्या, इतरांचे मेळे वेगळे, रोटीबेटी करतानाही नाक वर. हे कटू आहे, पण आपणच आपल्या वर्तमानपत्रात लिहायचे नाही तर कोणी लिहायचे?

भैयासाहेब काही राजकारणाबाहेरचे संन्यासी नव्हते. १९६० ते १९६६ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते. पक्षाच्या भानगडी त्यांना ठाऊक होत्या आणि त्यांची झळही त्यांना लागली. पण त्यांनी एक गोष्ट जपली. पक्षाची फूट महासभेच्या सतरंजीवर येऊ द्यायची नाही. पक्षात कोणीही कुठेही असो, पौर्णिमेला विहारात यावे, दीक्षा घ्यावी, मुलांचे विवाह धम्मपद्धतीने लावावेत. त्यांच्याजागी दुसरा असता तर त्याने महासभाच आपल्या गटाच्या दावणीला बांधली असती. आडनाव आंबेडकर, हाती छापखाना, मागे लाखोंची श्रद्धा! मोह किती मोठा असेल!

आकड्यांतही हे दिसते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ मध्ये झाले २७,८९,५०१. देशभरात ३२ लाखांवर. ज्या पाच वर्षांत पक्ष फुटला त्याच पाच वर्षांत धम्म वाढला. श्रेय अर्थातच बाबासाहेबांचे. पण बाबासाहेब दीक्षेनंतर दोन महिनेही राहिले नाहीत. नोंद करणाऱ्यासमोर न भिता बौद्ध म्हणून नाव सांगायला लोकांना तयार केले ते महासभेच्या कार्यकर्त्यांनी, गाव-गाव आणि चाळ-चाळ हिंडून.

आणि नाव सांगण्याची किंमत होती! बौद्ध लिहिले की अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. केंद्र सरकारचा हिशेब सरळ होता. धर्म बदलला म्हणजे अस्पृश्यता संपली, मग सवलत कशाची? गावात विहिरीवर मात्र कोणी असे मानले नाही. महाराष्ट्र राज्याने १ मे १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले आणि व्ही. पी. सिंगांचे सरकार यावे लागले. मधल्या तीस वर्षांत केंद्रात नोकरीला लागण्यासाठी किती तरुणांनी दाखल्यावर हिंदू महार लिहिले आणि घरात बुद्धवंदना म्हटली! त्यांना धम्मद्रोही म्हणून वाळीत टाकायचे की जवळ ठेवायचे, हा महासभेपुढचा खरा पेच होता. कडक माणसे बाहेर काढा म्हणत होती. पण कोणाच्या दाखल्यावर काय आहे ते पाहून विहाराचे दार बंद केले असते, तर अर्धी वस्ती बाहेर राहिली असती. दार उघडे राहिले. या मवाळपणाबद्दल आजही आक्षेप घेणारे आहेत. आम्हांला तो मवाळपणा वाटत नाही. ज्या माणसाच्या चार भावंडांना दारिद्र्याने नेले, त्याच्या काळात पोटासाठी खोटा दाखला घेतलेल्या पोराला विहाराने हाकलले नाही, यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही.

इथे थोडे दूरचे उदाहरण. ज्या डिसेंबर १९५६ मध्ये आपण बाबासाहेबांना निरोप दिला त्याच महिन्यात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या माणसांचा बसवरचा बहिष्कार विजयी होऊन संपला. ३८१ दिवस लोक पायी चालले. त्यांच्यातही मवाळ होते, जहाल होते, वकील होते, मोलकरणी होत्या, एकमेकांचे हेवेदावे होते. पण संध्याकाळी सगळे चर्चमध्ये जमत, गात, पैसे गोळा करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत. मार्टिन ल्यूथर किंगला ते व्यासपीठ आयते मिळाले, कारण काळ्यांचे चर्च आधीपासून उभे होते. आपल्याकडे विहार आधी नव्हते. जे होते ते दोन हजार वर्षांपूर्वीचे, दगडात कोरलेले आणि ओस पडलेले. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी, अंधेरीला महाकाली म्हणून ओळखली जाणारी कोंडिविट्याची लेणी. नावसुद्धा कसे बदलले पाहा! बुद्धाच्या लेण्यांच्या परिसराला महाकालीचे नाव. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे म्हणून ती कोरली गेली, आणि तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा ठिकाणच्या दात्यांची नावे आहेत. म्हणजे आपल्या उपनगरात वर्षावास हा नवा नाही. मध्ये हजारएक वर्षांचा खंड पडला, इतकेच.

तो खंड सांधायला भैयासाहेबांना दगड-विटांचेही एक काम करावे लागले. चैत्यभूमी. आज सहा डिसेंबरला तिथे लाखोंनी जाणाऱ्या तरुणांना वाटते की सरकारने ती बांधली असेल. १९५६ नंतर कित्येक वर्षे दादर चौपाटीवर जिथे अग्निसंस्कार झाला तिथे नाव घ्यावे असे स्मारक नव्हते. लोक वाळूवर फुले वाहून परत जात. बाबासाहेबांच्या पंचाहत्तराव्या जयंतीच्या निमित्ताने, १९६६ च्या सुमारास, भैयासाहेबांनी महूहून मुंबईपर्यंत भीमज्योत आणली. ज्या छावणीत बाबासाहेब जन्मले तिथून, जिथे अग्निसंस्कार झाला तिथपर्यंत. वाटेत लोक ज्योतीचे स्वागत करत आणि स्मारकासाठी पदरची नाणी देत. त्या नाण्यांवर कोणत्याही गटाचा शिक्का नव्हता. ज्याने गायकवाडांना मत दिले त्याचाही रुपया त्यात होता आणि ज्याने कांबळ्यांना दिले त्याचाही. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताईंच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला दादासाहेब गायकवाड गेले. एकसंध रिपब्लिकन पक्षाची आशाही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. एका महिन्याच्या आत चैत्य उभा राहिला आणि पक्षाचा मोठा खांब पडला.

चैत्यभूमीची वास्तू तशी लहान आहे. चौकोनी बांधणी, वर घुमट, पुढे सांचीच्या धर्तीचे तोरण, अशोकस्तंभाची प्रतिकृती. आर्किटेक्ट लोक तिच्यात दोष काढतात. काढू द्या. मुंबईत याहून भव्य, करोडो खर्चून बांधलेल्या वास्तू पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासमोर कोणी रात्रभर उपाशी उभे राहत नाही.

भैयासाहेबांना देवत्व देण्याचा आमचा इरादा नाही. देव न मानणाऱ्यांनी तरी तसे करू नये. एक गोष्ट अशी आहे जिच्याविषयी लिहिताना हात थबकतो, तरी लिहिले पाहिजे. बाबासाहेबांच्या निधनानंतर माईसाहेब आंबेडकरांविषयी समाजात जो संशय पेटला, जी कटुता निर्माण झाली, तीत भैयासाहेब आणि राजगृह एका बाजूला होते. माईसाहेब कित्येक वर्षे चळवळीपासून तुटल्या, एकाकी राहिल्या. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा व्यासपीठावर आणले. त्या २००३ मध्ये गेल्या. ज्या हाताने हजारो घरांत मैत्रीची मेणबत्ती लावली, त्या हाताला स्वतःच्या घरातला हा कोपरा उजळता आला नाही. पोटच्या आईला गमावलेला मुलगा, बापाच्या अचानक मृत्यूने हादरलेला. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्याला जमले असते का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. पण माईसाहेबांच्या बाजूनेही तेवढ्याच प्रामाणिकपणे विचारावे.

सत्तरच्या दशकात उपनगरे झपाट्याने वाढली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून माणसे मुंबईला ढकलली. परळ-नायगाव-वरळीच्या चाळी आधीच भरलेल्या. मग घाटकोपरला हायवेच्या कडेला, मुलुंड-भांडुपच्या टेकड्यांवर, अंधेरीच्या खाणींच्या आजूबाजूला, बोरिवली-मालाडच्या दलदलीत झोपड्या पडल्या. मंडळी वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, बोली वेगळी, आडनावे अनोळखी. पहिल्यांदा काय उभे राहिले? पत्र्याची एक खोली, दारावर निळा झेंडा आणि पंचशील ध्वज, आत बुद्ध आणि बाबासाहेब. कुठे महासभेची शाखा, कुठे पंचायत समितीची, कुठे नुसते मित्रमंडळ. पण म्हणायच्या गाथा एकच. बीडची सून आणि रत्नागिरीची सासू एका वंदनेला उभ्या राहू लागल्या, तसा कोकण-घाट हा भेदही हळूहळू विरघळू लागला. आज उपनगरांत अशा सोयरिकींचे कोणाला नवल वाटत नाही.

आणि वेळ आली तेव्हा हे जाळेच कामाला आले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा जण मारले गेले. त्या दहा घरांत जाऊन बसणारे, अंत्यविधी करणारे, जखमींच्या घरी डबे पोचवणारे हात विहारांत बसणाऱ्यांचे होते. त्या संतापातूनच नेत्यांनाही एकत्र यावे लागले आणि १९९८ च्या लोकसभेत अकोल्यातून बाळासाहेब, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून कवाडे सर आणि मुंबईतून आठवले असे चार खासदार निवडून गेले. दीड वर्षात १९९९ च्या निवडणुका आल्या आणि ती एकी विस्कटली. लोक पुन्हा आपापल्या गटांत गेले. रमाबाई नगरातल्या त्या दहा घरांत पुण्यानुमोदनाला मात्र सगळ्या गटांचे लोक येत राहिले.

महासभासुद्धा पुढे वादापासून वाचली नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. भैयासाहेबांच्या मागे मीराताईंनी ती धुरा वाहिली. पण पुढे त्याच नावाने एकाहून अधिक कार्यकारिण्या झाल्या, कोर्टात दावे गेले, शिक्के आणि पावतीपुस्तके वेगळी झाली. पक्षाची फूट सतरंजीवर येऊ द्यायची नाही ही भैयासाहेबांची रीत आपण त्यांच्या मागे नीट पाळली नाही. आता तर उपनगरांत झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाचे टॉवर उभे राहताहेत. बिल्डरच्या नकाशात विहाराला कुठली तरी पार्किंगशेजारची खोली मिळते, तीही भांडून. त्या खोलीच्या किल्लीवरून दोन गट पोलीस ठाण्यात जातात, असेही घडते. वर्षावासातला ग्रंथ मग जिन्याखाली वाचला जातो.

भैयासाहेब गेले तेव्हा त्यांना पासष्टावे वर्ष चालू होते. बापापेक्षाही कमी आयुष्य. मागे मीराताई, प्रकाश, भीमराव, आनंदराज ही मुले आणि मुलगी रमा. मुलीचे नाव आईचे. राजगृह, छापखान्याच्या यंत्रांची घरघर आणि समुद्राकाठचा तो चैत्य.

मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे दादरला एकत्र येतात. सहा डिसेंबरला घाटकोपर-मुलुंडची गाडी एका बाजूला उतरते, अंधेरी-बोरिवलीची दुसऱ्या बाजूला, आणि पुलावर गर्दी मिसळते. शिवाजी पार्कवर ज्याचा त्याचा मंडप वेगळा, ज्याचा त्याचा लाऊडस्पीकर मोठा. हा नेता त्या नेत्याला नावे ठेवतो आणि पुस्तकांचे स्टॉलवाले सगळ्यांनाच पुस्तके विकतात. पण दर्शनाची रांग एकच आहे. ती मैदानाला वळसे घालत, रात्रभर थांबत-थांबत समुद्राकडे सरकते. तिच्यात शिरताना गटाचा बिल्ला कोणी पाहत नाही. आत गेल्यावर क्षणभर डोके टेकवायला मिळते, मागचा माणूस खांद्याला हात लावून पुढे सरकवतो आणि आपण बाहेर वाळूवर येतो.